दाब वाढला म्हणजे पुरवठा वाढला का?

अमेरिकेत खोगीर-ट्रॉलीसारखी उघडी पाठ असलेल्या छोट्या मालवाहू गाडीलाही ‘ट्रक’च म्हणतात. डॉज रॅम हा त्यांपैकी एक नावाजलेला ट्रक. त्यात कमिन्स कंपनीचे सहा सिलिंडरांचे, ५.९ लिटरचे, टर्बोचार्जर बसवलेले डिझेल इंजिन असे. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंत विकल्या गेलेल्या या गाड्यांची एक दुखरी जागा तिथल्या मिस्त्रींना पाठ झाली होती. डिझेलची टाकी मागे आणि टाकीतून डिझेल ओढून आणणारा विजेवर चालणारा छोटा पंप पुढे, इंजिनाच्या अंगावर. हा छोटा पंप थकला की पुढच्या मुख्य पंपाला, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या पंपाला, पुरेसे डिझेल मिळत नसे. मुख्य पंपाचे वंगण आणि थंडावा दोन्ही त्या डिझेलवरच अवलंबून. ते कमी पडले की हा महागडा पंप निकामी होई.

साहजिकच अनेक मालकांनी छोटा पंप काढून त्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा पंप बसवला. टायरमधील हवेप्रमाणे इथेही दाब ‘पौंडां’त, म्हणजे दर चौरस इंचावर इतके पौंड असा मोजतात. या गाडीत मुख्य पंपाकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब साधारण १० ते १५ पौंड असावा अशी अपेक्षा असते. नवा पंप बसवल्यावर मात्र काही गाड्यांत काटा २० च्या पुढे, कधी २५ पर्यंत चढलेला दिसे. मालकाला आधी आनंद होई आणि मग काळजी वाटे. पहिला निष्कर्ष बहुधा ठरलेला असे : “नवा पंप फार जोराचा आहे, दाब जास्त देतो.”

वाक्य सरळ वाटते, पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ते चुकीचे आहे. पंप दाब देत नाही. पंप देतो तो प्रवाह. त्या प्रवाहाला वाटेत जो अडथळा होतो त्यातून दाब उभा राहतो. हे एवढे लहानसे सत्य यंत्रांत उतरवायला अभियंत्यांना सुमारे तीनशे वर्षे लागली. त्या इतिहासातून गेलो की ट्रकचे कोडे आपोआप सुटते.

कुकरची शिट्टी

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. १६७९ साली देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचे एक भांडे सादर केले. त्यात कोंडलेल्या वाफेने हाडेसुद्धा मऊ शिजत. आपल्या प्रेशर कुकरचे हे पूर्वज. कोंडलेली वाफ भांडे फोडील हे पापँच्या ध्यानात आले, म्हणून त्याने झाकणाला एक छिद्र ठेवले, छिद्रावर एक झडप बसवली आणि ती तरफेला टांगलेल्या वजनाने दाबून धरली. वाफेचा जोर वजनाला पुरून उरला की झडप उचलली जाई आणि जास्तीची वाफ निघून जाई.

यामागचे तत्त्व पास्कालने आधीच मांडले होते. त्याचा द्रवांच्या संतुलनावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. छिद्राचे क्षेत्रफळ आणि वर ठेवलेले वजन ठरले की आतला दाब ठरला.

आता एक प्रश्न विद्यार्थ्यांना विचारून पाहावा. शेगडीची आच दुप्पट केली तर शिट्टी वाजत असलेल्या कुकरमधला दाब दुप्पट होईल का? बरीच मुले ‘हो’ म्हणतात. प्रत्यक्षात दाब जवळजवळ तेवढाच राहतो, फक्त शिट्ट्या भराभर होतात. आच म्हणजे आपला ‘पंप’, तो वाफेचा प्रवाह वाढवतो. दाब ठरवते ते शिट्टीचे वजन.

मात्र यात एक अट लपलेली आहे. वाढलेली वाफ बाहेर टाकायला छिद्र पुरेसे मोठे हवे. छिद्रात डाळीचे टरफल अडकले किंवा आच अफाट वाढवली, तर वजन पूर्ण उचलले जाऊनही वाफ पुरेशी निघणार नाही. अशा वेळी दाब वजनावर अवलंबून राहत नाही, छिद्राच्या अरुंदपणावर अवलंबून राहतो आणि चढत जातो. ही अट लक्षात ठेवावी. ट्रकच्या कोड्याची किल्ली तीच आहे.

डिझेलची अडचण

१८९३ साली जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डिझेलने आपल्या इंजिनाची पहिली चाचणी घेतली. त्याची कल्पना अशी : सिलिंडरातील हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, आणि मग तीत इंधन सोडले की ठिणगीशिवायच पेट घ्यावा. त्या वर्षीच्या १० ऑगस्टला पहिला स्फोट झाला तो इतका जोराचा, की दाब मोजणारे उपकरणच मोडून उडाले. आणखी चार वर्षे खपल्यावर, १८९७ च्या फेब्रुवारीत, त्याच्या इंजिनाने इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्क्यांचे कामात रूपांतर करून दाखवले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा हे प्रमाण कितीतरी अधिक होते.

पण दाबलेल्या हवेत इंधन शिरवायचे कसे? सिलिंडरात वातावरणाच्या तीसपट किंवा त्याहून अधिक दाब असताना बाहेरून डिझेल आत ढकलायचे, तेही नेमक्या क्षणी आणि तुषारांच्या रूपात. डिझेलने त्यासाठी आणखी जास्त दाबाची हवा वापरली. या हवेच्या झोताबरोबर इंधन आत फुंकले जाई. फवारा सुरेख होई, पण त्यासाठी एक मोठा, अनेक टप्प्यांचा हवादाबक इंजिनालाच चालवावा लागे. जहाजात किंवा वीजघरात हे ओझे चालून जाई. मालमोटारीत ते शक्य नव्हते.

हवा वगळून केवळ द्रव इंधनच दाबाने फवारायचे, हा दुसरा मार्ग. १९१० साली इंग्लंडमधील व्हिकर्स कंपनीत जेम्स मॅककेक्नी याने त्या दिशेने पेटंट घेतले आणि पुढे पाणबुड्यांच्या इंजिनांत ती पद्धत आली. जर्मनीत बेन्झ कंपनीत प्रॉस्पर लोरांज याने सिलिंडराच्या माथ्यावर एक छोटी पूर्वकोठी ठेवून कमी दाबातही काम भागवण्याची युक्ती काढली.

द्रव जवळजवळ दाबले जात नाहीत. बंद जागेतील हवेत दट्ट्या थोडा जास्त सरकला तर दाब थोडासा वाढतो. तोच दट्ट्या डिझेलवर केसभर जास्त सरकला तर दाब एकदम कितीतरी पटींनी उसळतो. म्हणून द्रवाच्या पंपात ‘जास्तीचे कुठे जाणार?’ हा प्रश्न हवेपेक्षा फार निकडीचा होतो.

बॉश यांचा दट्ट्या

रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२२ च्या अखेरीस डिझेलच्या फवारणी-पंपाचे काम हाती घेतले आणि १९२७ च्या अखेरीस असे पंप मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली. मालमोटारीत डिझेल इंजिन रुजले ते या पंपामुळे.

या पंपाची गंमत पाहण्यासारखी आहे. मोठ्या मालमोटारीच्या एका सिलिंडराला पूर्ण भार असताना एका वेळी जेमतेम दोन थेंब डिझेल लागते. ते दोन-तीन सहस्रांश सेकंदांत, शेकडो वातावरणांच्या दाबाने, आत गेले पाहिजे. भार कमी असेल तर अर्धाच थेंब. दट्ट्याची हालचाल मात्र प्रत्येक वेळी सारखीच असते, कारण तो ठरावीक उंचीच्या कॅमवर चालतो. मग मात्रा कमी-जास्त कशी करायची? बॉशच्या पंपात दट्ट्याच्या अंगावर एक तिरकी खाच कोरलेली असते. दट्ट्या वर जाताना ही खाच बाजूच्या छिद्रासमोर आली की उरलेले डिझेल त्या छिद्रातून मागे निसटते, दाब तत्काळ कोसळतो आणि फवारा थांबतो. दट्ट्या थोडासा फिरवला की खाच लवकर किंवा उशिरा समोर येते. म्हणजेच मात्रा ठरते ती पंप किती ढकलतो यावर नाही, किती निसटू दिले यावर.

या मुख्य पंपाला डिझेल पोचवायला आणखी एक कमी दाबाचा पंप लागतो. आपल्याकडे मिस्त्री त्याला फीड पंप म्हणतात. तो नेहमी गरजेपेक्षा जास्त डिझेल देतो. जास्तीचे डिझेल एका स्प्रिंगच्या झडपेतून टाकीकडे परत जाते. हा अपव्यय नाही. परतणारे डिझेल पंपाची उष्णता घेऊन जाते, हवेचे बुडबुडेही काढून नेते. इंजिनाने ‘एअर पकडली’ असे आपण म्हणतो, तेव्हा हाच प्रवाह खंडलेला असतो. ती परतीची झडप म्हणजे पापँची झडपच, वजनाच्या जागी फक्त स्प्रिंग आली.

कमिन्सची टिकली

क्लेसी कमिन्स हा अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावचा. शिक्षण फारसे नाही, एका सावकाराच्या घरी मोटार चालवण्याचे व दुरुस्त करण्याचे काम. त्याच मालकाच्या भांडवलावर १९१९ साली त्याने डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. धंदा अनेक वर्षे तोट्यात होता. १९२९ च्या नाताळात त्याने एका जुन्या पॅकार्ड मोटारीत आपले डिझेल इंजिन बसवून मालकालाच फेरफटका मारून आणला. त्यानंतर १९३० च्या जानेवारीत हीच गाडी इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कला नेली. इंधनाचा एकूण खर्च एक डॉलर अडतीस सेंट!

कमिन्सच्या कंपनीने पुढे, १९५४ च्या सुमारास, बॉशपेक्षा अगदी वेगळी पद्धत बाजारात आणली. तिचे नाव ‘पीटी’, म्हणजे दाब आणि वेळ. प्रत्येक सिलिंडरावर एक फवारक, सर्वांना एकच सामाईक नळी. फवारकाच्या बारीक छिद्रातून किती डिझेल शिरेल हे दोनच गोष्टींवर ठरते : नळीतला दाब आणि छिद्र उघडे राहण्याचा वेळ.

इथे एक अडचण होती. इंजिनाचा वेग दुप्पट झाला की छिद्र उघडे राहण्याचा वेळ निम्मा होतो. मात्रा तेवढीच ठेवायची तर डिझेल दुप्पट वेगाने शिरले पाहिजे. बारीक छिद्रातून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे प्रवाह दुप्पट करायला दाब चौपट हवा. वेग दुप्पट तर दाब चौपट, हे साधायचे कसे?

निसर्गात असे एक बल तयार आहे. दोरीला दगड बांधून गरगर फिरवा. फेऱ्या दुप्पट केल्या तर दोरीवरचा ताण चौपट होतो. पीटी पंपात इंजिनाबरोबर फिरणारी दोन छोटी वजने असतात. ती एका दांड्याला पुढे ढकलतात आणि दांडा एका टिकलीवर टेकतो. गिअर पंप डिझेलचा प्रवाह देत राहतो. टिकलीमागचा दाब दांड्याच्या बलाला पुरून उरला की टिकली किंचित उचलली जाते आणि जास्तीचे डिझेल मागे फिरते. पुन्हा पापँचीच झडप! वजनाच्या जागी या वेळी फिरती वजने आली आणि त्यामुळे इंजिनाच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे दाब आपोआप बदलू लागला.

या टिकलीच्या तोंडाशी एक खळगा असतो. खळगा मोठा तर क्षेत्रफळ जास्त, म्हणून दाब कमी. खळगा लहान तर दाब जास्त. पास्कालचे सूत्र सरळ लागू पडते. ट्रक चालवणाऱ्यांच्या हे लवकरच लक्षात आले. लहान खळग्याची टिकली घातली की डिझेल जास्त जाई आणि चढावर गाडी जोरात पळे. मागून काळा धूर निघे, धुराचे तापमान वाढे आणि इंजिनाचे आयुष्य घटे, ते मात्र नंतर कळत असे.

टर्बोचार्जर का आला?

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. ताकद वाढवायची तर दोन्ही वाढायला हवीत. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ सालीच यावर उपाय सुचवला होता : बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने हवा सिलिंडरात कोंबायची. १९२० च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांना ही जोड दिल्यावर त्यांची शक्ती १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. १९३८ साली स्वित्झर्लंडच्या साउरर कंपनीने टर्बोचार्जर मालमोटारीच्या इंजिनाला लावला.

कमिन्सच्या कंपनीने १९५२ साली टर्बोचार्जर लावलेली डिझेल मोटार थेट इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत उतरवली. इंजिन ६.६ लिटरचे, गाडी बुटकी व्हावी म्हणून आडवे पाडून बसवलेले. चालक फ्रेड अगबाशियन याने पात्रता-फेरीत पहिल्या रांगेतले पहिले स्थान मिळवले. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र ७१ फेऱ्यांनंतर गाडी थांबली. इंजिन वा पंप बिघडला नव्हता. टायर झिजून उडालेल्या रबराच्या कणांनी टर्बोचार्जरची हवा आत घेण्याची वाट बुजली होती. जगातल्या उत्तम इंजिनालाही वाट बुजल्यावर इलाज नसतो.

या इतिहासाची एक शाखा आपल्या दारात येऊन पोचली आहे. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी स्थापन झाली. कोथरूडच्या तिच्या कारखान्यात तयार झालेली पीटी पद्धतीची इंजिने डंपरवर आणि जनित्रांवर देशभर चालली. बॉशच्या सहकार्याने १९५१ साली बंगळूरला सुरू झालेल्या मायको कंपनीने डिझेल-पंप बनवले आणि पुढे तिचा कारखाना नाशिकलाही आला. ‘मायको सर्कल’ हे नाशिकमधील चौकाचे नाव त्याची आठवण ठेवून आहे. एसटीच्या कार्यशाळेत किंवा महामार्गालगतच्या पंप-कॅलिब्रेशनच्या दुकानात आपण गेलो, तर या लेखातले बहुतेक भाग टेबलावर उघडे मांडलेले दिसतील. शाळेची सहल न्यायला हे ठिकाण वाईट नाही.

रक्तदाब आणि काटा

ट्रककडे परतण्यापूर्वी एका डॉक्टरला भेटू. फ्रान्सचा झाँ प्वाझय हा वैद्य. शरीरात रक्त कसे वाहते हे समजून घेण्यासाठी त्याने १८४० च्या आसपास काचेच्या बारीक नळ्यांतून पाणी वाहवून बारकाईने मोजमापे केली. त्याला आढळले, की शांतपणे वाहणाऱ्या द्रवासाठी नळीची त्रिज्या निम्मी केली तर तोच प्रवाह टिकवायला सोळापट दाब लागतो. नळीतले थोडेसे अरुंद होणेही किती महाग पडते हे यातून दिसते.

रक्तदाब वाढलेल्या माणसाला ‘छान, तुमच्या शरीराला रक्ताचा पुरवठा वाढला’ असे कोणी म्हणत नाही. वाहिन्या अरुंद वा ताठ झाल्या आहेत, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो आहे, असाच अर्थ आपण काढतो. डिझेलच्या काट्याबाबत मात्र हाच विवेक सुटतो. काटा वर गेला की पुरवठा सुधारला असे वाटते. वास्तविक काटा पुरवठा दाखवतच नाही. तो दाखवतो पुढे असलेला अडथळा आणि प्रवाह यांचा एकत्रित परिणाम.

आता कोडे सोडवू

ताशी ३५० लिटर देणारा नवा पंप बसवला आहे असे समजा. गाडी उभी आहे आणि इंजिन मंद चालू आहे. अशा वेळी ते तासाला दोन लिटरांच्या आसपास डिझेल जाळते. उरलेले जवळजवळ सगळे, सुमारे ३४८ लिटर, परत गेलेच पाहिजे. शेगडीची आच वाढली आहे, आता शिट्टीचे छिद्र पुरते का ते पाहायचे.

परतीची नळी पाच मीटर लांब आणि आतून ६ मिलिमीटर व्यासाची असेल, तर डिझेलची नेहमीची घनता आणि चिकटपणा धरून हिशेब असा येतो. जुना पंप ताशी १२० लिटर परत पाठवत असताना या नळीत जेमतेम २ पौंड दाब खर्च होई. ताशी ३५० लिटर पाठवायला त्याच नळीत सुमारे २० पौंड लागतात! प्रवाह तिप्पट, दाब मात्र दसपट. कारण एवढ्या वेगात नळीतला प्रवाह शांत राहत नाही, तो खळबळतो आणि अडथळा जवळजवळ प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. तीच नळी ८ मिलिमीटरची केली तर हा आकडा ५ पौंडांवर येतो. दोन मिलिमीटरच्या फरकाने १५ पौंड उतरले. पंपाला हातही लावावा लागला नाही.

म्हणून समजूतदार मिस्त्री पंपाला दोष देण्यापूर्वी क्रमाने चार गोष्टी तपासतो.

पहिली, काटा खरे बोलतो का? दुसरा भरवशाचा काटा लावून पाहायचे. थंडीच्या पहाटे डिझेल घट्ट असते, तेव्हा थोडा जास्त दाब नैसर्गिकच. इंजिन तापल्यावरचा आकडा धरायचा.

दुसरी, काटा कुठे बसवला आहे? ही बाब सर्वांत फसवी. काटा गाळणीच्या अलीकडे असेल आणि गाळणी कचऱ्याने बुजली असेल, तर काटा भरपूर दाब दाखवील आणि त्याच वेळी गाळणीपलीकडचा मुख्य पंप डिझेलविना तडफडत असेल. जास्त दाब आणि उपासमार दोन्ही एकाच वेळी! काटा गाळणीच्या पलीकडे, मुख्य पंपाच्या तोंडाशी असला तरच तो उपयोगाचा.

तिसरी, भार बदलला की काय होते? मंद चालीत दाब जास्त आणि चढावर, जेव्हा इंजिन बरेच डिझेल पिते, तेव्हा तो काहीसा उतरतो, असे असेल तर परतीची वाट अरुंद असण्याचा संशय बळावतो. दाब सर्व अवस्थांत एकाच आकड्यावर ठाम असेल तर झडपेची स्प्रिंग फार ताठ आहे असे समजावे.

चौथी, निर्णायक तपासणी. परतीची नळी टाकीकडे न जोडता, मोठ्या, जाड नळीने थेट एका सुरक्षित डब्यात सोडायची. दाब लगेच उतरला तर दोष परतीच्या नळीत : ती लहान, मुडपलेली किंवा टाकीच्या तोंडाशी बुजलेली. दाब तसाच राहिला तर दोष झडपेत : ती अडकलेली किंवा एवढा प्रवाह जाऊ देण्याइतकी मोठीच नाही. हे काम जाणकारानेच आणि आगीपासून दूर करावे. फवारकांकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या नळ्यांची गळती तर कधीही हाताने चाचपू नये. तो अदृश्य फवारा कातडी भेदून आत शिरतो.

उपाय दोषावर अवलंबून : परतीची नळी मोठी करणे, झडप साफ करणे किंवा बदलणे, नव्या पंपाला टाकीकडे जाणारी स्वतंत्र वाट देणे. पुरवठ्याची नळी आवळून काटा खाली आणणे हा मात्र उपाय नव्हे. काटा समाधानकारक दिसतो आणि मुख्य पंप पुन्हा उपाशी राहतो. ज्या रोगासाठी नवा पंप घेतला, तोच रोग आपण हाताने परत आणतो.

जास्त दाबाकडे दुर्लक्ष केले तर? पीटी पद्धतीच्या पंपात दाब वाढला की इंजिनात डिझेल जास्त जाऊन ताकद वाढे. या ट्रकमध्ये तसे काहीच होत नाही, कारण इथे मात्रा मुख्य पंप ठरवतो. फायदा शून्य, तोटे मात्र आहेत. पुरवठा-पंप जास्त वीज खातो आणि तापतो, जोडांतून गळती सुरू होते, मुख्य पंपाच्या दांड्याभोवतीच्या सीलवर ताण येतो. ते सील हरले की डिझेल वंगणतेलात उतरते, तेल पातळ होते आणि इंजिनाच्या बेअरिंगांवर संक्रांत येते. सुधारणा म्हणून केलेल्या कामातून इंजिन गमावण्याची पाळी येऊ शकते.

वर्गात करून पाहण्याजोगे

वीस मिलिलिटरची, सुई काढलेली पिचकारी घ्या. तिला सलाइनच्या नळीचा तुकडा जोडून त्यावर मत्स्यपेटीच्या दुकानात मिळणारा ‘टी’ जोड बसवा. टीच्या एका तोंडाला टोक काढलेली रिकामी रिफिल बसवा, ही ‘इंजिनाची’ वाट. दुसऱ्या तोंडाला नळीचाच लांब तुकडा, ही ‘परतीची’ वाट. पिचकारीत पाणी भरून दट्ट्या दहा सेकंदांत पूर्ण दाबा आणि अंगठ्याला किती जोर लागला ते लक्षात ठेवा. आता तोच दट्ट्या तीन सेकंदांत दाबा. मग परतीची नळी बोटांनी अर्धवट चिमटून दोन्ही प्रयोग पुन्हा करा.

प्रयोग झाल्यावर मुलांना विचारावे : पिचकारी तीच, अंगठा तोच, मग दाब कुणी वाढवला? उत्तर त्यांच्या बोटांना आधीच कळलेले असते. मग ठिबक सिंचनाच्या पंपाजवळ शेतकरी बायपासची झडप का ठेवतो, हेही त्यांनाच सांगू द्यावे. तिथला पंप अपकेंद्री असल्याने वाट पूर्ण बंद केली तरी दाब एका मर्यादेपर्यंतच चढतो, ट्रकमधील किंवा पीटी पद्धतीतील गिअरसारखे पंप मात्र अशी दयामाया दाखवत नाहीत. हा फरक शिक्षकांनी जरूर सांगावा.

डॉज रॅमच्या पुढच्या काही वर्षांच्या गाड्यांत पुरवठ्याचा पंप टाकीतच बसवण्यात आला, कारण असे पंप डिझेल ओढण्यापेक्षा ढकलण्यात अधिक पटाईत असतात. उच्च दाबाच्या नळीतला दाब २००३ पासून संगणक सांभाळू लागला, आणि तोही दर क्षणी एका झडपेला सांगतो, किती डिझेल पुढे जाऊ द्यायचे. पापँच्या भांड्यावर टांगलेल्या वजनाचे काम आज तो करतो. आपल्या घरी ते काम अजूनही शिट्टी करते, म्हणून कुकर लावण्यापूर्वी तिचे छिद्र उजेडासमोर धरून पाहायची आईची सवय मुलांनी उचललेली बरी.